घर वाचवायचा घटस्फोट

१२ जानेवारी, रविवार

ही वही भैय्याजींच्या सांगण्यावरून सुरू केली आहे. भैय्याजी म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेला आहे ना, त्याच्या बाकावर सकाळपासून बसलेले असतात ते. आधी कोर्टात बेलिफ होते. घरोघरी समन्स वाटून वाटून आपल्याला सगळा कायदा पाठ झाला, असं त्यांचं म्हणणं. आज आमच्या सोफ्यावर बसून म्हणाले, "उन्नती, रोजचं लिहून ठेवजो. नवरा येत नाही, बोलत नाही, खर्चाले देत नाही, सारं तारखेवार. कोर्टात पुरावा होते. आन शुद्ध लिहिजो बाई. जज पुण्याचा निघाला तं?"

म्हणून शुद्ध लिहीत आहे.

प्रकरण असं आहे. पायलचे पप्पा, म्हणजे प्रेमानंद नंदेश्वर, यांनी मित्र ताराचंदसोबत कामठी रोडवर लग्नाचं लॉन चालवायला घेतलं. नाव ठेवलं 'उन्नती लॉन'. तेव्हा मी फुगले होते, खोटं कशाला सांगू. पुढं समोरच एसी हॉल उघडला, मग एका ऐन लग्नात वादळानं मांडव उडवून नेला, आणि यांनी दर वेळी नवीन कर्ज काढून आधीचं झाकलं. बँकेचं, कार्डाचं, मोबाईलवर मिळतं ते, इतवारीतल्या एका शेठचं. आता फोन वाजला की हे बाथरूममध्ये जातात. वसुलीवाले मलाच विचारतात, "उन्नती का पैसा कब आएगा?" माझं डोकं फिरतं.

भैय्याजींचा उपाय घटस्फोटाचा. खोटा, कागदापुरता. जरीपटक्याचं हे घर यांच्या नावावर आहे, म्हणून कर्जवाले इथं येणार. घटस्फोटात यांनी घर मला लिहून द्यायचं. मग बाईच्या घराला हात लावायची कोणाची हिंमत नाही. फक्त त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं दिसलं पाहिजे. कागद हातात आला की पुन्हा एक.

"मंग पुन्हा लग्न कराव लागन का?" पायलनं विचारलं. ही आमची एकुलती एक, बी.फार्मला आहे.

"ते तुमच्या हौसेवर आहे," भैय्याजी म्हणाले.

हे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, घर वाचत असेल तर करा. पुढच्या खोलीत माझी तिखट-मसाल्याची चक्की आहे, मागच्या खोलीत पोरगी. घर गेलं तर दोघींना घेऊन मी जाऊ कुठं?

१६ जानेवारी

वेगळं व्हायला कारण पाहिजे आणि साक्षीदार पाहिजेत. म्हणून आज संध्याकाळी गल्लीला ऐकू जाईल असं भांडण ठरलं. यांनी दुपारी आरशासमोर तयारी केली. हे म्हणणार, भाजीत मीठ नाही. मी उलट बोलणार. हे स्टीलचा गिलास फेकणार आणि बॅग उचलून निघणार. झालं.

यांनी गिलास फेकला तो सोफ्यावर. आवाजच नाही. मी म्हटलं, "गिलास धड फेकता येत नाही, लॉन काय चालवणार होते?" हे वाक्य ठरलेलं नव्हतं, आपोआप निघालं. मग मला एकेक आठवत गेलं. मला न विचारता गहाण टाकलेल्या माझ्या पाटल्या. पायलच्या फीच्या दिवशी ताराचंदला चारलेली बिर्याणी. पारशिवनीला घेतलेला तो प्लॉट, म्हणे पेंचच्या जंगलाला लागून फार्महाऊस बांधू, जिथं जायला अजून रस्ता नाही. हे मध्येच हळूच म्हणाले, "उन्नती, माझं झालं. निघू का?"

"थांबा. माझं झालं नाही."

सगळी गल्ली गॅलरीत होती. सोडवायला कोणी आलं नाही. शेवटी हे बॅग घेऊन निघाले तेव्हा शेजारचे मधुकरराव खाली उतरले, यांच्या पाठीवर हात ठेवून कोपऱ्यापर्यंत सोबत गेले. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. साक्षीदार मात्र भरपूर झाले.

हे आता नारा रोडला ताराचंदच्या खोलीवर राहतील. एकदम बरं वाटून राहिलं. टॉवेल दोरीवर आहे, पलंगावर नाही.

२० जानेवारी

आज नवरा आला नाही.

एक गिऱ्हाईक आलं, त्यानं पावभर तिखट नेलं. ते गिऱ्हाईक म्हणजे हेच होते, पण दुकानात कोणीही येऊ शकतं, त्याला कायद्याची बंदी नसावी. भैय्याजींना विचारायला हवं.

२९ जानेवारी

नवरा आला नाही. तिखट मात्र रोज जाते आहे. मधुकररावांच्या मिसेस आज कठड्यावरून म्हणाल्या, "एकट्या माणसाले एवढं तिखट कायले लागते वं?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी त्या माणसाशी बोलत नाही.

पायल सांगत होती, पप्पांनी स्वतः वांग्याचं भरीत केलं आणि वांगं आतून कच्चंच राहिलं. मी आज सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी केली, ती जरा जास्त झाली. म्हणून डबा भरून पायलजवळ दिला. जास्त झाली म्हणूनच. पिठाचा अंदाज चुकतो, इतक्या वर्षांची सवय आहे. बाकी मी मजेत आहे. संध्याकाळी सहाच्या सुमाराला उगाच दाराकडे लक्ष जाते, पण ती गिऱ्हाइकांची वेळ असते म्हणून.

२ फेब्रुवारी, रविवार

विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाच्या प्रीतीताईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "उन्नती, दहा दिवसाच्या शिबिराले जाऊन ये. विपश्यना कर. मन शांत होते."

मी म्हटलं, "ताई, मन शांतच आहे माझं."

त्यांनी बाजूच्या बाईकडे पाहिलं. "होते वं असं. आपलं आपल्याले समजत नाही."

चपला घालताना आणखी एकीनं होमिओपॅथीच्या डॉक्टरचा पत्ता दिला. गोड गोळ्या असतात म्हणे, हळूहळू फरक पडतो. लोक किती जीव लावतात. एकटी पडले म्हणून सगळ्यांना काळजी.

दुपारी नणंदेला फोन केला. प्रेमिला भिवापूरला असते, माझी मिरची तिच्याकडूनच येते. नेहमी तासभर बोलणारी बाई आज नुसती "हाव वहिनी, पाठवते वहिनी" करत होती. तिच्या काजलचं लग्न एप्रिलमध्ये आहे. कामात असेल.

११ फेब्रुवारी

वसुलीचा माणूस आला. मी ठरल्याप्रमाणे सांगितलं, त्या माणसाशी माझा काही संबंध नाही, घटस्फोट चालू आहे. तो बिचारा खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, म्हणाला, "भाभी, आपके साथ बुरा हुआ." जाताना अर्धा किलो तिखट घेतलं. पैसे पुढच्या वेळी देतो म्हणाला.

२४ फेब्रुवारी

पायलच्या मैत्रिणीची मोठी बहीण वकील आहे, ॲडव्होकेट नीला गजभिये. पायलनं आम्हाला न विचारता वेळ घेतली. भैय्याजी पण आले. "मी असलो तं ती फसवणार नाही," असं ऑटोत म्हणत होते.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही आयडिया कोणाची?"

भैय्याजी पंख्याकडे पाहू लागले.

मॅडम म्हणाल्या, "कोर्टाच्या हुकमावर खरा घटस्फोट, खोटा घटस्फोट असं लिहिलेलं नसतं. सह्या झाल्या, हुकूम झाला, की तो खराच. उद्या दोघांपैकी एकाचं मन फिरलं तर दुसरा काही करू शकणार नाही. आणि घराचं म्हणाल, तर कर्ज डोक्यावर असताना घर बायकोला लिहून दिलं, तर कर्जवाले कोर्टात जाऊन तो व्यवहार मोडायला लावू शकतात. म्हणजे घरही जाईल आणि बायकोही."

"म्हणजे मी उगाच नारा रोडले राहून राहिलो?" हे म्हणाले.

"हो."

मग मॅडमनी सरळ रस्ता सांगितला. आधी बँकांशी तडजोडीचं बोलायचं. नाही जमलं तर नादारीचा अर्ज करायचा. जुना, इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे, पण अजून चालतो. माणूस कोर्टाला सांगतो की मला फेडता येत नाही, हे माझ्याजवळ आहे, एवढं माझ्यावर देणं आहे. लपवायचं काही नाही. कोर्ट सगळ्यांना नोटीस काढतं, जे आहे ते विकून वाटलं जातं, आणि माणसाला पुढं मोकळं होता येतं. "घर वाचेलच असं मी सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पारशिवनीचा प्लॉट जाईल. चक्की उन्नतीताईंच्या माहेरची आहे, तिला यात ओढता येणार नाही."

यांनी एकच विचारलं. "नोटीस म्हणजे, पेपरात?"

"राजपत्रात तर येतेच. पेपरातही येऊ शकते. नावासकट."

यांनी रुमालानं तोंड पुसलं. म्हणाले, "मॅडम, मंग घटस्फोटच बरा."

मी हसले. मला वाटलं गंमत करून राहिले. मग यांच्या तोंडाकडे पाहिलं, तर गंमत नव्हती.

भैय्याजी परतीच्या वाटेत म्हणाले, "मी दिवाणीचा बेलिफ. फॅमिलीची साईड वेगळी असते."

२५ फेब्रुवारी

चक्की चालू होती. दुसरं काही लिहायचं नाही.

८ मार्च

आज महिला दिन. प्रेमिला मिरचीची पोती घेऊन टेम्पोतून आली. पाणी नको म्हणाली, चहा नको म्हणाली, दारातच उभी. शेवटी न राहवून म्हणाली, "वहिनी, भांडण सगळ्याईच्या घरी होते. पण गिलास फेकून मारला दादाले?"

"कोणी सांगितलं?"

"दादानंच. म्हणे उन्नतीच्या रागापायी राहणं कठीण झालं. एवढे वर्ष सोसलं म्हणे, आता नाही होत."

मी विचारलं, "आणि लॉनच्या कर्जाचं?"

"कायचं कर्ज? लॉन तं चांगल्या भावात देऊन टाकलं ना त्यानं? काजलले आहेरात फ्रिज देऊन राहिला. डबल डोअरचा."

मी पोती मोजून घेतली. तिला खरं सांगितलं नाही. सांगता सांगता माझा आवाज चढला असता, आणि ती मनात म्हणाली असती, पाहा, पुन्हा सुरू.

ती गेल्यावर मला विपश्यना समजली. गोड गोळ्या समजल्या. मधुकररावांचा पाठीवरचा हात समजला. सगळ्या जरीपटक्याले, सगळ्या भिवापूरले माहीत होतं की ही बाई नवऱ्याले मारते. एक मलेच माहीत नव्हतं. लोकांनी 'बुडाला' म्हणू नये म्हणून या माणसानं मले कजाग करून ठेवलं. आन मी इथं सांबारवडीचे डबे भरून राहिली. शुद्ध गेलं चुलीत.

१० मार्च

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. मी म्हटलं दुकान बंद आहे.

तो म्हणाला, "उन्नती, लोकाईले कायतरी कारण सांगाच लागते ना. तुया रागाचं त्याईले पटकन पटलं."

मी शटर ओढलं. बोटं आत असती तरी ओढलं असतं.

मग एकटीच मॅडमकडे गेले. म्हटलं, घटस्फोट पाहिजे. खरा. ज्या माणसाला बायको गेलेली चालते पण नाव गेलेलं चालत नाही, त्याच्यासोबत मला राहायचं नाही. हे सांगताना रडले, आणि त्याचा रागही आला.

मॅडमनी पाणी दिलं. म्हणाल्या, "तो तुमचा हक्क आहे. पण संमतीचा अर्ज वर्षभर वेगळं राहिल्यावरच करता येतो, आणि त्याला दोघांची संमती लागते."

"माझी आहे. त्याची तर आधीपासूनच आहे."

"बरं. म्हणजे जानेवारीपासून मोजायचं."

मी म्हटलं, "जानेवारीचं खोटं होतं मॅडम. आजपासून मोजा."

२३ मार्च

आला नाही. खरंच आला नाही. पायल सांगत होती, मी खरा घटस्फोट मागितला ते वकील मॅडमनी त्याला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून तो ताराचंदशी पण बोलत नाही. मी म्हटलं, मला काहून सांगतेस.

वाटाणे सोलताना दाराकडे लक्ष गेलं. सहा वाजले होते.

६ एप्रिल, रविवार

भिवापूरहून आताच आलो. काजलचं लग्न होतं. मी जाणार नव्हते. पण काजलचा फोन आला, "मामी, तुम्ही नाही आल्या तं मी स्टेजवर चढत नाही." पोरीचं मन मोडवेना. मी आणि पायल मागच्या खुर्च्यांवर बसलो. बायका माझ्याशी फार सांभाळून बोलत होत्या. एकीनं तर ताटासमोरचा पाण्याचा गिलास हळूच दूर सरकवला.

वंदना झाली, मंगलगाथा झाली, हार झाले. मग आहेर सुरू झाला. तिकडं आहेर माईकवर पुकारतात. रुपराव नावाचे एक म्हातारे गृहस्थ हे काम गावात फार हौसेनं करतात. कोणी काय दिलं ते सांगतात, वर ताटली स्टीलची की पितळेची तेही सांगतात. मांडवातला प्रत्येक जण जेवता जेवता कान तिकडं ठेवून असतो.

"आता नवरीच्या मामाचा आहेर," रुपराव म्हणाले. सगळ्या माना वळल्या. फ्रिजची बातमी गावभर होती.

तो स्टेजवर गेला, दोन्ही हात रिकामे. रुपरावांकडून माईक मागून घेतला. लॉनवर दुसऱ्यांच्या लग्नात मान्यवरांचं स्वागत करताना हाच माणूस माईक सोडत नव्हता. आज आधी माईक चालू आहे का तेच दोनदा ठोकून पाहिलं.

"काजल, मामानं तुले फ्रिज कबूल केला होता," तो म्हणाला. "आणला नाही. आणता आला असता, अजून एक जण उधार देऊन राहिला होता. पण मामाचं लॉन बुडालं बेटा. मामावर लय कर्ज आहे, अन मले ते फेडता येत नाही. मी कोर्टात अर्ज करून राहिलो. पेपरात नाव येईन. तं म्हटलं, पेपराच्या अगोदर माझ्या तोंडून ऐका."

मांडवात वाढपी सुद्धा थांबले. मला वाटलं आता उतरेल. उतरला नाही.

"अन दुसरं. मी साऱ्याईले सांगितलं का उन्नतीच्या रागापायी घर सोडलं. ते खोटं आहे. राग आहे तिले, ते खरं आहे." कोणीतरी हसलं. "पण गिलास मी फेकला होता. कर्ज मी केलं. न सांगता केलं. तिनं कराले पाहिजे होता तेवढा राग तं केलाच नाही."

मग यांनी माईक परत दिला. यांना जिना दिसत नव्हता बहुतेक, कडेनं उडीच मारली.

रुपरावांना काय पुकारावं ते सुचेना. खूप वेळ खाकरून शेवटी म्हणाले, "नवरीच्या मामाकडून, आशीर्वाद." आणि पुढचं नाव घेतलं.

मला रडू आलं. लाजही वाटत होती आणि ऊरही भरून आला होता, दोन्ही एकदम, आणि समोर पायल पण रडत होती. प्रेमिला आली. माझ्या ताटात आणखी वांग्याची भाजी वाढली आणि माझ्याजवळच बसून राहिली, मुलीचं लग्न सोडून.

जेवणं झाल्यावर यांच्याभोवती चार-पाच माणसं जमली. मला वाटलं टिंगल करतात, म्हणून मी उठलेच होते. पायल म्हणाली, "बस मम्मी. वकील मॅडमचा नंबर मागून राहिले ते."

बसमध्ये हे पुढं बसले, आम्ही मागं. उमरेड गेल्यावर एकदा यांनी वळून पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होते. काचेत दिसतं सगळं.

९ एप्रिल

प्रीतीताई चक्कीवर आल्या. एक किलो तिखट घेतलं आणि उगाच शिबिरात यंदा गर्दी फार आहे असं काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, मी जाणार आहे, दहा दिवस आयतं जेवण मिळत असेल तर काहून नाही जायचं?

१७ एप्रिल

बँकांनी तडजोडीला नाही म्हटलं. आज नादारीच्या अर्जाचा मसुदा करायला मी आणि पायल मॅडमकडे गेलो. हे आधीच येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी बाजूची नाही, तिच्या पलीकडची खुर्ची घेतली.

मॅडम विचारत होत्या आणि पेननं कच्चं लिहून घेत होत्या. नाव, वय, धंदा. कोणाकोणाचं देणं. इतवारीच्या शेठचं नाव निघालं की पूर्वी हे बाथरूममध्ये जायचे, आज ते पण सांगितलं. प्लॉट सांगितला, घर सांगितलं. माझ्या पाटल्या कुठं गहाण आहेत तेही सांगितलं, ते मला आत्तापर्यंत माहीत नव्हतं. घराचं काय होईल ते कोर्ट ठरवेल. कदाचित जाईल. मला वाटलं होतं हे ऐकून मी रडेन, पण मी चक्की कुठं हलवायची त्याचा हिशोब करत बसले.

"राहणार?" मॅडमनी विचारलं. "पत्ता कोणता लिहू?"

एवढं सगळं धडाधडा सांगणारा माणूस इथं अडला. नारा रोड म्हणावं तर तोंड उघडेना, जरीपटका म्हणावं तर हिंमत होईना. माझ्याकडे पाहू लागले. मी चांगलं पाहू दिलं. मॅडम पण पेन धरून थांबल्या.

मी म्हटलं, "लिहा मॅडम. जरीपटका. पण पेन्सिलनं लिहा."

मॅडम हसल्या आणि खरंच ड्रॉवरमध्ये पेन्सिल शोधू लागल्या. हे हसले नाहीत, डोळे पुसत बसले. मी काही समजूत घातली नाही. ऑटोत मात्र त्यांना बसायला जागा दिली.